नेपोमुकचा यान

झेक देशाच्या पश्चिमेला, प्ल्झेन शहरापासून साधारण ३० किलोमीटरवर नेपोमुक नावाचं एक छोटं गाव आहे. वस्ती चार हजारांच्या आत. शेजारी झेलेना होरा, म्हणजे हिरवी टेकडी. मध्ययुगात इथे सिस्टर्शियन संन्याशांचा मठ होता आणि मठाच्या आधाराने बाजारपेठ वाढली होती. तेव्हा गावाला पोमुक म्हणत. चौदाव्या शतकाच्या मध्याला इथेच व्हेल्फलिनच्या घरी यान जन्मला. आपण त्याला संत जॉन नेपोमुक म्हणून ओळखतो.

कॅथलिक घरात वाढलेल्यांनी त्याची एक गोष्ट नक्की ऐकली असेल. राणी त्याच्याकडे पापनिवेदन करायची. ती काय सांगते हे राजाला हवं होतं. यानने तोंड उघडलं नाही, म्हणून राजाने त्याला नदीत बुडवलं. मीही लहानपणी हीच गोष्ट ऐकली. नंतर इतिहास वाचला, तेव्हा चित्र जरा वेगळं दिसलं.

यान प्रागमध्ये आर्चबिशपच्या कचेरीत लेखनिक होता. पुढे इटलीत पादुआला जाऊन त्याने चर्चच्या कायद्यात १३८७ साली डॉक्टरेट मिळवली. १३८९ मध्ये आर्चबिशप यान येनश्टेन यांनी त्याला व्हिकर जनरल नेमलं, म्हणजे कारभारात आपला उजवा हात केलं.

राजा चौथा वाक्लाव आणि आर्चबिशप यांचं अजिबात पटत नव्हतं. राजाला पश्चिम बोहेमियात आपल्या मर्जीतला नवा बिशप बसवायचा होता. त्यासाठी क्लाद्रुबीच्या श्रीमंत मठाची मालमत्ता त्याच्या डोळ्यांसमोर होती. म्हातारे मठाधिपती वारले की मठ ताब्यात घ्यायचा, असा बेत. पण १३९३ मध्ये ते वारल्यावर संन्याशांनी लगेच नवा मठाधिपती निवडला आणि यानने त्या निवडीला मंजुरी दिली. नियमाने ते त्याचं कामच होतं. पण राजाचा बेत तिथेच फसला.

राजा खवळला. आर्चबिशप निसटले, यान सापडला. त्याचे अतोनात हाल केले गेले. २० मार्च १३९३ च्या रात्री त्याला प्रागच्या दगडी पुलावरून व्लतावा नदीत फेकण्यात आलं. आर्चबिशपनी नंतर पोपकडे जी तक्रार नेली, तिच्यात मठाच्या वादाचं कारण आहे, राणीच्या पापनिवेदनाचं नाही. ती कथा लिखाणात येते पुढच्या शतकात.

नंतर तीच कथा मोठी झाली. १६८३ मध्ये पुलावर त्याचा पुतळा बसला. १७१९ मध्ये कबर उघडली, तेव्हा कवटीत सापडलेला लालसर भाग लोकांनी न कुजलेली जीभ मानला. विसाव्या शतकातल्या तपासणीत तो मेंदूचा अंश निघाला. १७२९ मध्ये पोप तेरावे बेनेडिक्ट यांनी त्याला संत घोषित केलं. त्याच्या जन्मघराच्या जागी आज नेपोमुकमध्ये चर्च उभं आहे. मठ मात्र १४२० मध्येच हुसपंथीयांनी जाळला होता. १४१५ साली जिवंत जाळलेल्या यान हुसचा लोकांना विसर पडावा म्हणून जेझुइटांनी नेपोमुकची भक्ती वाढवली, असाही आरोप होतो. तो आपण टाळून पुढे जाऊ नये.

हे सगळं वाचल्यावर आधी मला थोडं फसल्यासारखं वाटलं. मग वाटलं, खरी हकिकत काही कमी नाही. राणीचं गुपित सांभाळणारा संत भव्य वाटतो, पण फारसा आपल्यातला वाटत नाही. कचेरीत बसून, वर कोण चिडेल याचा हिशोब न करता योग्य कागदावर सही करणारा माणूस मात्र आपल्या ओळखीचा आहे. उद्या आपल्यापैकी कितीतरी जण तशाच खुर्चीत बसणार आहेत. पाण्यात पडणाऱ्यांचा आणि पुलांचा रक्षक म्हणून युरोपभर त्याचे पुतळे दिसतात. मला तो आता सहीचाही संत वाटतो.