हिमवीर थोर्लेफ हाउग

आमच्या खानदेशांत वैशाखाचें ऊन कसें असतें हें येथील मुलांस सांगावयास नको. जळगांव काय आणि धुळें काय, भर दुपारीं पारा ४४-४५ अंशांपर्यंत चढतो, रस्ते ओस पडतात, आणि केळीच्या बागा जगवितां जगवितां शेतकऱ्याचा जीव मेटाकुटीस येतो. अशा प्रदेशांतील वाचकांस बर्फावरून धांवणाऱ्या एका पुरुषाचें चरित्र सांगावयाचें म्हणजे न पाहिलेल्या गोष्टीचें चित्र त्यांच्यापुढें उभें करावयाचें. तथापि स्कॅन्डिनेव्हिया हें नांव खानदेशास अगदींच परकें नाहीं. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत पश्चिम खानदेशांत जें स्कॅन्डिनेव्हियन अलायन्स मिशन काम करीत होतें, त्याच्या नांवांतच तो उत्तरेकडील प्रदेश होता. त्याच प्रदेशांतील नॉर्वे देशांत आमच्या चरित्रनायकाचा जन्म झाला. त्याचें नांव थोर्लेफ हाउग.

नॉर्वे हा डोंगरांचा व खाड्यांचा देश. हिवाळ्यांत तेथें महिनेच्या महिने जमीन दृष्टीस पडत नाहीं. वाटा, शेतें, कुंपणें सर्व बर्फाखालीं गडप होतात. पायीं चालूं जावें तर माणूस मांडीपर्यंत रुततो. या अडचणींतून तेथील लोकांनीं हजारों वर्षांपूर्वीं जो मार्ग काढला तो म्हणजे स्की. स्की ही लांकडाची लांब, अरुंद व पुढच्या टोकाशीं वर वळविलेली फळी असे. माणसाच्या उंचीहून अधिक लांबीच्या अशा दोन फळ्या बुटांस बांधावयाच्या, हातांत काठ्या घ्यावयाच्या, आणि बर्फ मागें रेटीत पुढें सरकावयाचें. फळी लांब असल्यामुळें शरीराचा भार मोठ्या जागेवर पसरतो व पाय रुतत नाहीं. फळीच्या तळास डांबर किंवा मेण लावीत. तें अशा बेतानें लावावें लागे कीं, चढावर पाय टेकतांच फळीनें बर्फ धरावा आणि जोर देतांच तिनें पुढें घसरावें. थंडी वाढली वा उतरली कीं बर्फाचा गुण बदलतो. म्हणून कोणत्या दिवशीं कोणतें मेण लावावें हें ओळखणें ही या विद्येची अर्धी किल्ली होय.

सरपण आणावयास, शिकारीस, शेजारच्या गांवीं, जावयाचें तेथें स्कीवरून जावयाचें, असा तेथील परिपाठ होता. १८८८ सालीं फ्रित्यॉफ नान्सेन या नॉर्वेच्या थोर पुरुषानें साथीदारांसह स्कीवरून ग्रीनलंडचें हिमपठार ओलांडलें, तेव्हां या साध्या फळ्यांकडे सर्व जगाचें लक्ष गेलें. पुढें १९०५ सालीं नॉर्वे स्वीडनपासून विभक्त होऊन स्वतंत्र झाला. नव्यानें स्वतंत्र झालेल्या त्या लहानशा राष्ट्राला अभिमानानें आपलें म्हणावें अशा ज्या गोष्टी होत्या, त्यांत स्कीची गणना फार वर होती.

अशा काळांत थोर्लेफ वाढला. त्याचा जन्म २८ सप्टेंबर १८९४ रोजीं द्रामेन शहरानजीकच्या लियेर खोऱ्यांत झाला. राजधानीपासून हा भाग फार दूर नाहीं. नॉर्वेची राजधानी तेव्हां क्रिस्तियानिया या नांवानें ओळखली जाई. ऑस्लो हें तिचें जुनें नांव तिला १९२५ च्या आरंभीं परत मिळालें. थोर्लेफ द्रामेनच्या ड्राफ्न नांवाच्या क्रीडासंघाकडून शर्यतींत उतरूं लागला.

नॉर्वेंतील स्कीपटूंची खरी कसोटी राजधानीजवळच्या होल्मेनकोलेन टेकडीवर लागते. १८९२ पासून तेथें दरवर्षीं स्पर्धा भरूं लागल्या. त्यांत ५० किलोमीटरांची शर्यत सर्वांत कठीण. ५० किलोमीटर म्हणजे जळगांवाहून धुळ्यास जाणाऱ्या वाटेच्या निम्म्याहून अधिक अंतर. आणि तेंही सपाट सडकेनें नव्हे, तर रानांतून, चढावरून व उतारावरून. त्या काळीं या शर्यतींत सर्व गडी एकदम सुटत नसत. एकामागून एक, ठराविक अंतरानें एकेकास सोडीत व प्रत्येकाचा वेळ निराळा मोजीत. त्यामुळें धांवणाऱ्यास आपला प्रतिस्पर्धी बहुधा दिसत नसे. आपण पुढें आहों कीं मागें हें त्यास नीट उमगत नसे. भोंवतीं झाडें, खालीं बर्फ, आणि ऐकूं येई तो आपलाच श्वास. ज्याचें मन दुसऱ्यास पाहिल्यावांचून जोर करीत नसे, त्याचा तेथें निभाव लागत नसे.

ही शर्यत हाउगनें १९१८ सालीं, वयाच्या तेविसाव्या वर्षीं, प्रथम जिंकली. त्यानंतर १९१९, १९२०, १९२१, १९२३ आणि १९२४ या सालीं तीच शर्यत तो पुनः जिंकला. सात वर्षांत सहा वेळां! शिवाय स्कीवरून धांवणें व उंच उतारावरून उडी घेणें या दोहोंचे गुण मिळवून जी संयुक्त स्पर्धा होते, तींतही तो १९१९, १९२० व १९२१ असा लागोपाठ तीन वर्षें पहिला आला. दमदार धांवेला बळकट छाती व चिकाटी हवी, तर उडीला निर्भयता व तोल हवा. हे गुण एकाच देहांत क्वचित् नांदतात. १९२० सालीं त्यास होल्मेनकोलेन पदक हा तेथील सर्वोच्च मान मिळाला. लोक त्यास स्कीचा राजा म्हणूं लागले.

येथवर त्याची कीर्ति मुख्यतः स्वदेशीं होती. आतां आंतरराष्ट्रीय स्पर्धेचा काळ जवळ येत होता. आमच्या वाचकांस १९२० सालचे अँटवर्प येथील ऑलिंपिक सामने ठाऊक असतील. सर दोराबजी टाटा यांच्या साहाय्यानें आपल्या देशाचा एक लहानसा संघ तेथें गेला होता. त्यांतील बेळगांवचे फडेप्पा दरेप्पा चौगुले यांनीं मॅरेथॉनची लांब धांव पुरी करून एकोणिसावा क्रमांक मिळविला. ज्या काळांत हिंदी धांवपटू प्रथम जगापुढें उभे राहिले, त्याच काळांत हिवाळी खेळांनाही जगाच्या मैदानांत जागा असावी हा विचार जोर धरीत होता. गंमत अशी कीं, या विचारास विरोध झाला तो हिमप्रदेशांतूनच. होल्मेनकोलेनच्या स्पर्धा व १९०१ पासून स्वीडनमध्यें भरणारे नॉर्डिक सामने असतां आणखी निराळे सामने कशास, असें नॉर्वे व स्वीडन येथील अनेक जाणत्यांस वाटे. शेवटीं तडजोड झाली. १९२४ च्या २५ जानेवारीपासून ५ फेब्रुवारीपर्यंत फ्रान्समधील शामोनी या गांवीं, माँ ब्लाँ पर्वताच्या पायथ्याशीं, आंतरराष्ट्रीय हिवाळी क्रीडासप्ताह या साध्या नांवानें सामने भरले. सोळा राष्ट्रांचे खेळाडू आले. ऑलिंपिक समितीनें पुढें मागाहून याच सामन्यांस पहिले हिवाळी ऑलिंपिक म्हणून मान्यता दिली.

३० जानेवारी रोजीं ५० किलोमीटरांची शर्यत झाली. तेहेतीस गडी सुटले. त्यांपैकीं शेवटास पोंचले ते अवघे एकवीस. हाउगनें तें अंतर ३ तास, ४४ मिनिटें, ३२ सेकंदांत काटलें. म्हणजे चढउतार धरून ताशीं १३ किलोमीटरांहून अधिक वेग झाला. दुसरा थोराल्फ स्ट्रोमस्टाड, तिसरा योहान ग्रोटुम्सब्रोटेन आणि चवथा योन मोर्डालेन, हे सर्व त्याचेच देशबंधु. पांचवा स्वीडनचा गडी आला तो हाउगच्या वेळेहून वीस मिनिटांपेक्षां अधिक वेळ घेऊन.

तीनच दिवसांनीं, २ फेब्रुवारीस, १८ किलोमीटरांची शर्यत होती. एवढ्या लांब धांवेचा शीण तीन दिवसांत कितीसा जाणार? तरी हाउगनें ती १ तास, १४ मिनिटें, ३१ सेकंदांत जिंकली. ग्रोटुम्सब्रोटेन एक मिनिट वीस सेकंदांनीं मागें राहिला, व फिनलंडचा टापानी निकू तिसरा आला. त्याच दिवशीं शामोनी येथेंच आंतरराष्ट्रीय स्की महासंघाची स्थापना झाली, हा योगही लक्षांत ठेवण्याजोगा आहे. ४ फेब्रुवारीस संयुक्त स्पर्धेच्या उड्या होऊन तींतही हाउग पहिला ठरला. अशीं तीन सुवर्णपदकें सहा दिवसांच्या आंत एका माणसानें मिळविलीं. नॉर्वेस त्या सामन्यांत एकंदर चार सुवर्णपदकें मिळालीं, त्यांतील तीन एकट्या हाउगचीं होतीं.

चवथें सुवर्णपदक याकोब तुलीन थाम्स यास स्की-उडीबद्दल मिळालें. त्या उडीच्या स्पर्धेंत हाउगही उतरला होता. निकाल जाहीर झाला तो असा: थाम्स पहिला, नार्वे बोन्ना दुसरा, हाउग तिसरा. चवथ्या जागीं अमेरिकेकडून खेळणाऱ्या आंडर्स हाउगेन याचें नांव होतें. हाउग आणि हाउगेन हीं नांवें जवळजवळ सारखीं, आणि जन्मभूमीही एकच; कारण हाउगेन मूळचा नॉर्वेचा, पोटापाण्यासाठीं अमेरिकेस जाऊन स्थायिक झालेला. हाउगच्या पदरीं तीन सुवर्ण व एक कांस्य अशीं चार पदकें पडलीं. हाउगेन रित्या हातानें परत गेला.

शामोनीनंतर हाउगची राजवट फार दिवस टिकली नाहीं. शरीराची तरुणाई कोणासही कायमची लाभत नाहीं. १९२६ सालीं फिनलंडमधील लाह्ती येथें जागतिक स्पर्धा झाल्या, तेव्हां संयुक्त स्पर्धेंत ग्रोटुम्सब्रोटेन पहिला आला व हाउगला रौप्यपदकावर समाधान मानावें लागलें. जो शामोनीला मागें पडला होता तोच पुढें गेला. अशा रीतीनें एका पिढीनें दुसरीस वाट दिली.

१२ डिसेंबर १९३४ रोजीं, वयाच्या अवघ्या चाळिसाव्या वर्षीं, फुप्फुसाच्या दाहानें थोर्लेफ हाउग मरण पावला. ज्या छातीनें होल्मेनकोलेनचे चढ सहा वेळां जिंकले, त्याच छातीच्या रोगानें त्याचा अंत व्हावा हें दैवाचें विचित्र खेळणें होय. १९४६ सालीं, महायुद्ध संपून देश पुनः मोकळा झाल्यावर, द्रामेन येथें त्याचा पुतळा उभारण्यांत आला.

सामान्यतः चरित्र मृत्यूपाशीं संपतें. हाउगच्या चरित्राचा सर्वांत मोलाचा भाग मात्र त्याच्या मृत्यूनंतर चाळीस वर्षांनीं घडला. १९७४ सालीं शामोनीच्या सामन्यांस पन्नास वर्षें पूर्ण झालीं. त्या वेळीं वृद्ध स्ट्रोमस्टाड यानें अशी गोष्ट पुढें आणली कीं, उडीच्या गुणांच्या हिशेबांत चूक झाली असावी. क्रीडेचा इतिहास लिहिणारे याकोब वोगे यांनीं जुने आंकडे पुनः तपासले. उडींत लांबीचे गुण निराळे व डौलाचे गुण निराळे असतात. तें सर्व जमेस धरून शेवटचा आंकडा काढावा लागतो. तो काढतांना हाउगच्या बाजूस चूक झाली होती. खरा हिशेब मांडला तेव्हां हाउगेन तिसरा व हाउग चवथा ठरला. ऑलिंपिक समितीनेंही ही दुरुस्ती मान्य केली.

येथें क्षणभर थांबून विचार करण्यासारखा आहे. स्ट्रोमस्टाड हा हाउगचाच देशबंधु, त्याच संघांतील सोबती. चूक उघड केल्यानें त्याचें स्वतःचें एकही पदक वाढणार नव्हतें. उलट आपल्या देशाचें एक पदक कमी होणार होतें, आणि तेंही सर्वांस पूज्य झालेल्या, स्वतः बोलावयास हयात नसलेल्या वीराच्या नांवावरून. पन्नास वर्षें कोणी ब्र काढला नव्हता; तो गप्प राहता तर आणखी पन्नास वर्षें कोणी काढला नसता. तरी त्यानें तोंड उघडलें.

त्याहून अधिक हृद्य असा प्रसंग पुढें ऑस्लो येथें घडला. हाउगेन तेव्हां पंचाऐशीं वर्षांचा झाला होता व अजून हयात होता. त्यास समारंभानें बोलावून तें कांस्यपदक त्याच्या हातीं देण्यांत आलें; आणि देणारी होती प्रत्यक्ष हाउगची कन्या. पित्याची आठवण म्हणून घरांत जपलेली वस्तु, ज्याची ती खरोखर होती त्यास तिनें स्वहस्तें परत केली. स्की-उडींत अमेरिकेच्या नांवावर लागलेलें हें पहिलें ऑलिंपिक पदक.

स्वतः हाउगकडे या चुकीचा दोष मुळींच जात नाहीं. त्यानें उडी घेतली, पंचांनीं गुण दिले, कारकुनांनीं बेरीज केली. जें हातीं आलें तें त्यानें घेतलें. कन्येनें दिलेलें पदक गेल्यामुळें त्याची उंची तिळभरही कमी झाली नाहीं. रानांतून एकट्यानें काटलेल्या त्या ५० किलोमीटरांवरून कोणताही हिशेबनीस कांहीं उणें करूं शकत नाहीं. किंबहुना आम्हांस असें वाटतें कीं, चौथें पदक घरांत राहून जेवढा मान त्यास लाभला असता, त्याहून अधिक मान तें घराबाहेर गेल्यानें लाभला; कारण आतां त्याच्या नांवाबरोबर त्याच्या घराण्याची सचोटीही लोकांच्या स्मरणांत राहिली.

शाळेंत आमच्या विद्यार्थ्यांस बर्फ मिळावयाचा नाहीं, आणि स्कीही मिळावयाच्या नाहींत. परंतु उत्तरपत्रिकेंत गुरुजींच्या नजरचुकीनें दोन गुण अधिक पडल्याचा प्रसंग येथें दरवर्षीं कोणावर ना कोणावर येतोच, आणि आपल्या मित्राच्या वांट्याचें बक्षीस आपल्या हातीं आल्याचेंही केव्हां केव्हां ध्यानांत येतें. त्या क्षणीं दूर उत्तरेकडील त्या राजधानींत एका वृद्धापुढें हात करून उभी राहिलेली हाउगची कन्या त्यांनीं आठवावी, एवढीच आमची इच्छा आहे.