डॉ. सलीम अली आणि आंब्यावरचं बांडगूळ

शिक्षक मित्रांनो आणि पालकहो, १२ नोव्हेंबर हा डॉ. सलीम अली यांचा जन्मदिवस. पक्षी सप्ताहात आपण फळ्यावर त्यांचं नाव लिहितो आणि मोकळे होतो. यंदा मुलांना ही गोष्टही सांगा.

सलीम यांचा जन्म १८९६ साली मुंबईत झाला. आईवडील लवकर गेले. मामा अमिरुद्दीन तय्यबजी यांनी त्यांना वाढवलं. दहाएक वर्षांचे असताना सलीमनी छर्‍याच्या बंदुकीने एक चिमणी पाडली. तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता. ही कुठली चिमणी, ते मामांनाही सांगता येईना. पण त्यांनी भाच्याला गप्प केलं नाही. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या मिलार्ड साहेबांकडे पाठवलं. तिथे उत्तर मिळालं आणि आयुष्याची दिशाही.

वाट मात्र सोपी नव्हती. विद्यापीठाची पदवी नाही. मुंबईच्या संग्रहालयात गाईडची नोकरी मिळाली. पुढे जर्मनीत जाऊन पक्षिशास्त्र शिकले, १९३० मध्ये परतले, तर पैशाअभावी ती जागाच बंद झालेली! मग पत्नी तेहमिना यांच्यासह ते अलिबागजवळ किहीमला राहिले. तिथे सुगरणीच्या घरट्यांचा त्यांचा अभ्यास गाजला.

त्याच सुमारास कोकणातल्या शिंजीरवरही त्यांनी लिहिलं. शिंजीर म्हणजे आपल्या जास्वंदीवर येणारा, बोटाएवढा, बाकदार चोचीचा पक्षी. बांडगुळाच्या नळीसारख्या फुलात तो मधासाठी चोच घालतो. डोक्याला पराग चिकटतात, ते पुढच्या फुलाला लागतात. मग फळं धरतात. ती फळं फुलटोच्या हा आणखी छोटा पक्षी खातो. त्याच्या विष्ठेतलं चिकट बी फांदीला चिकटतं आणि तिथे नवं बांडगूळ रुजतं. एक पक्षी फळ धरायला मदत करतो, दुसरा बी पेरतो!

हे वाचलं आणि मला माझीच लाज वाटली. आमच्या पनवेलच्या वर्गात एका मुलाने विचारलं होतं, की आंब्यावर बांडगूळ कोण लावतं? अभ्यासक्रम संपवायच्या घाईत मी त्याला खाली बसवलं. उत्तर मला येत नव्हतं, हे खरं कारण. मामांनाही येत नव्हतं. पण त्यांनी वाट दाखवली. दुसर्‍या दिवशी मी त्या मुलाची वर्गासमोर माफी मागितली आणि आम्ही सगळे मिळून बांडगूळ बघायला गेलो.

डॉ. अलींचं भारतीय पक्ष्यांवरचं पुस्तक १९४१ मध्ये आलं. १९७६ मध्ये पद्मविभूषण मिळालं. २० जून १९८७ रोजी ते गेले.

उपक्रम : कर्नाळ्याला सहल जमली तर उत्तमच. नाहीतर जास्वंदीजवळ दहा मिनिटं शांत बसा. शिंजीर किती वेळा आला, फुलात चोच समोरून घातली की बुडाशी भोक पाडून मध पळवला, ते मुलांना वहीत लिहू द्या. प्रश्न आला आणि उत्तर येत नसेल, तर तसं सांगा. मग दोघं मिळून शोधा.