क्रिकेटपटू कै. बाळू पालवणकर

सायंकाळी मोसम नदीच्या काठी खेळ आटोपून घरी परतणारी आमच्या नामपूरची मुले बहुधा एकाच वादात रंगलेली आढळतात. कोणत्या क्रिकेटपटूचा वाजवीपेक्षा अधिक उदोउदो झाला आणि कोणाच्या वाट्यास उपेक्षा आली, हा तो वाद होय. धावा आणि बळी यांचे आकडे त्यांना तोंडपाठ असतात. परंतु आपला देश कसोटी सामने खेळतच नव्हता, त्या काळच्या खेळाडूचे माप कशाने घ्यावे? आपल्या चर्मकार समाजात जन्मलेले कै. बाळू पालवणकर यांचे चरित्र या दृष्टीने लहानथोर सर्वांनी जाणून घेण्यासारखे आहे.

बाळूंचा जन्म १८७६ साली धारवाड येथे झाला. घराणे मूळचे रत्नागिरी जिल्ह्यातील पालवणचे. वडील लष्करात नोकरीस असल्यामुळे बालपण पुण्याच्या लष्करी वस्तीत गेले. गोऱ्या शिपायांनी टाकून दिलेल्या साहित्यावर बाळू आणि त्यांचे धाकटे बंधू शिवराम हा खेळ शिकले. पुढे एका पारशी क्लबात खेळपट्टी झाडण्याचे व तिच्यावर रूळ फिरविण्याचे काम बाळूंना दरमहा ३ रुपयांवर मिळाले. तेथून ते पुण्याच्या युरोपियन जिमखान्यात गेले. तेथे जाळी बांधण्याच्या कामाबरोबरच साहेबांना सरावासाठी चेंडू टाकण्याचे काम त्यांच्याकडे आले. कॅप्टन ग्रेग या नामांकित फलंदाजास त्यांनी तासन्‌तास गोलंदाजी केली. प्रत्येक वेळी बाद केल्याबद्दल ग्रेग आठ आणे देत, अशी आख्यायिका आहे. आख्यायिका खरी असो वा नसो, बाळूंची डावखुरी फिरकी त्या कष्टांतूनच घडली, यात संशय नाही. मात्र त्या जिमखान्यात चेंडू टाकणाऱ्या या नोकराच्या हाती कोणी बॅट दिली नाही.

पुण्याच्या हिंदू क्लबास गोऱ्यांशी सामने जिंकावयाचे होते, म्हणून बाळूंना संघात घेण्यात आले. मैदानावर त्यांनी स्पर्श केलेला चेंडू सर्वांना चालत असे. चहाच्या वेळी मात्र त्यांना मंडपाबाहेर, मातीच्या निराळ्या भांड्यात चहा मिळे. जेवणाचे पानही वेगळे मांडले जाई. विजयामागून विजय मिळू लागले, तेव्हा हे निर्बंध हळूहळू सैल झाले, आणि न्यायमूर्ती रानडे व लोकमान्य टिळक यांच्यासारख्या थोर पुरुषांनी बाळूंचा जाहीर गौरव केला.

पुढे ते मुंबईस आले आणि हिंदू जिमखान्याकडून खेळू लागले. १९०६ साली हिंदू संघाने युरोपियन संघास १०९ धावांनी पराभूत केले. त्या सामन्यात बाळूंनी ८ बळी घेतले व शिवरामही त्यांच्या जोडीस होते. १९११ साली पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली संघ विलायतेस गेला. संघाने बहुतेक सामने गमावले. तथापि बाळूंनी त्या दौऱ्यात, पस्तिशीच्या वयात, ११४ बळी मिळविले. एकट्याच्या खांद्यावर संघाचा एवढा भार वाहणारा गोलंदाज विरळाच.

इतके असूनही हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना कधी देण्यात आले नाही. मुकुंद पै यांची १९१३ साली नेमणूक झाली, तेव्हा हा मान बाळूंचा होता, असे त्यांनी स्वतःच मोठ्या मनाने बोलून दाखविले. १९२० च्या चौरंगी सामन्यांच्या वेळी तर बाळूंना संघातूनच वगळण्यात आले. तेव्हा शिवराम व विठ्ठल या दोघा बंधूंनी संघातून माघार घेतली. गवगवा झाल्यावर बाळूंना परत बोलावून उपकर्णधार नेमण्यात आले. सामना चालू असता कर्णधार काही काळ मैदानाबाहेर गेले, तेवढ्या अवधीत संघ बाळूंच्या हुकमतीखाली खेळला. पुढे १९२३ साली विठ्ठल कर्णधार झाले आणि हिंदू संघाने त्या वर्षीची स्पर्धा जिंकली. थोरल्या भावाने सोसले, त्याचे फळ धाकट्याच्या पदरी पडले.

आयुष्याच्या उत्तरार्धात बाळू सार्वजनिक कार्यात उतरले. १९३२ च्या पुणे करारावर त्यांची सही आहे. तरुणपणी डॉ. आंबेडकरांना त्यांच्याविषयी मोठा अभिमान वाटे. परंतु १९३७ च्या मुंबई विधानसभेच्या निवडणुकीत काँग्रेसतर्फे बाळू डॉ. आंबेडकरांच्याच विरुद्ध उभे राहिले व पराभूत झाले. हा प्रसंग आपण लपवू नये. ज्यांच्याकडून कर्णधारपद मिळाले नाही त्यांनी बाळूंना विसरणे समजण्यासारखे आहे. परंतु या एका निवडणुकीपायी आपल्या घरांतूनही त्यांचे नाव मागे पडले असेल, तर तो त्यांच्यावर दुसरा अन्याय होय. राजकीय मतभेद आणि गुणांची पारख या दोन गोष्टी निरनिराळ्या आहेत. १९५५ च्या जुलै महिन्यात मुंबईत त्यांचे निधन झाले. इतिहासकार रामचंद्र गुहा यांच्या २००२ सालच्या ग्रंथामुळे नव्या पिढीस त्यांची पुन्हा ओळख झाली.

आता मुलांच्या वादाकडे वळू. प्रथम श्रेणीच्या ३३ सामन्यांत बाळूंचे १७९ बळी असून दर बळीमागे सुमारे १५ धावा पडतात. त्या काळच्या खेळपट्ट्या गोलंदाजांना अनुकूल असत, म्हणून या आकड्यांची आजच्या आकड्यांशी तुलना करून त्यांना सर्वश्रेष्ठ म्हणणे उचित होणार नाही. खोट्या स्तुतीची त्यांना गरजही नाही. त्यांच्या गोलंदाजीची किंमत त्यांच्या काळाने ओळखली होती; चेंडू त्यांच्याच हाती दिला जात होता. उपेक्षा झाली ती त्यांच्या बुद्धीची आणि नेतृत्वाची. मनगटाचे कौशल्य घ्यावयाचे, पण त्याच माणसाची आज्ञा पाळावयाची नाही, ही त्या काळाची रीत होती.

म्हणून आपल्या मुलांनी खेळाडूंची तुलना अवश्य करावी. मात्र कोणाच्या नावावर किती बळी आहेत हे विचारताना, त्याला नेतृत्वाची संधी कितीदा दिली गेली, हेही विचारण्याची सवय त्यांनी लावून घ्यावी. नामपूरच्या मैदानावर संघ निवडताना ही सवय अंगी बाणली, तर बाळूंचे हे स्मरण सार्थकी लागले असे आम्ही समजू.