शिवथरच्या घळीतील लेखनतपस्वी : श्रीकल्याणस्वामी

आज माघ वद्य नवमी. शके १६०३ मध्ये, म्हणजे इसवी सन १६८२ या वर्षी, याच तिथीस सज्जनगडावर श्रीसमर्थ रामदासस्वामींनी देह ठेवला. आज मठामठांतून दासबोधाचे पारायण होईल आणि निर्याणाचे आख्यान लागेल. त्या आख्यानात एका शिष्याचे नाव हटकून येते. आणि ते येते ते तो त्या वेळी गडावर नव्हता म्हणून. जन्मभर ज्याने सावलीसारखी सोबत केली तो कल्याण अखेरच्या क्षणी दूर होता. या पुण्यदिनी त्याचेच चरित्र वाचकांपुढे ठेवण्याचे आम्ही योजिले आहे.

कल्याणांचे मूळ नाव अंबाजी. पित्याचे नाव कृष्णाजीपंत, मातेचे रखमाबाई. पाठचा बंधू दत्तात्रेय. पित्याने संसाराकडे पाठ फिरवून तीर्थाटनाची वाट धरली आणि दोन मुलांना घेऊन ही माउली कोल्हापुरास आपला बंधू पाराजीपंत बर्वे याच्या आश्रयास आली. कुलकर्णी घराण्यातील मुलगा म्हणजे हिशेब, कागद आणि लेखणी हीच त्याची भावी मिरास. अंबाजीची विद्या त्याच वाटेने चालली होती. बुद्धी तल्लख, स्मरण पक्के, आणि अक्षर असे की पाहणाऱ्याने पाहतच राहावे, असे सांप्रदायिक चरित्रकार सांगतात.

त्या कोल्हापुरात समर्थांचे कीर्तन झाले. ते ऐकून पाराजीपंतांचे घरच रामचरणी लागले. समर्थांनी या भाच्याला मागून घेतले. पतीच्या मागे जिने मुलांकडे पाहून दिवस काढले, त्या मातेने काय विचार केला असेल? आमच्या कीर्तनपरंपरेत हा प्रसंग दोन वाक्यांत उरकला जातो. आम्हांस तेथे थोडे थांबावेसे वाटते. पिता गेला तो विरक्तीने गेला, आणि आता पुत्रही त्याच वाटेने निघाला. रखमाबाईंनी तो दिला. पुढे धाकट्या दत्तात्रेयानेही शिरगावचा मठ सांभाळला आणि ही माताही त्याच मठाच्या आश्रयाने राहिली. समर्थ संप्रदायातील थोर स्त्रियांची नावे घेताना वेण्णाबाई, अक्काबाई आठवतात. रखमाबाईंचे नावही त्या पंक्तीत घ्यावे.

अंबाजीचा कल्याण कसा झाला ती कथा आबालवृद्धांस ठाऊक आहे. वाटेवर आलेली फांदी तोडायची होती. खाली विहीर. फांदीच्या शेंड्याकडे बसून बुंध्याकडे घाव घालण्याची आज्ञा झाली. शहाण्याने हसावे अशी ती आज्ञा. परंतु अंबाजीने कुऱ्हाड चालविली आणि फांदीसह तो विहिरीत गेला. वरून गुरूंनी कुशल विचारले, आतून कुशल असल्याचे उत्तर आले, आणि तेव्हापासून कल्याण हेच नाव रूढ झाले. गुडघ्याला आंबा बांधून व्रणाचे सोंग आणल्याची कथा, वाऱ्याने उडालेल्या छाटीमागे गडाच्या कड्यावरून उडी घेतल्याची कथा, याही अशाच. श्रोत्यांना त्या हव्या असतात आणि आम्हीही त्या रंगवून सांगतो. सज्जनगडावर कल्याणस्वामींचे पाण्याचे हंडे भाविकांना दाखवितात. ते पाहिले म्हणजे मात्र उडीपेक्षा उरमोडीचे पाणी रोज खांद्यावरून गड चढविणे अधिक कठीण होते हे मनात येते. उडी एकदाच घ्यावयाची असते.

परंतु कल्याणांची खरी उमेदवारी झाली ती शिवथरच्या घळीत.

महाडहून भोरकडे जाणारी वाट वरंध गाव मागे टाकून घाटास लागते. माथ्यावर कावळ्या किल्ला, आणि या डोंगरांच्या कुशीत कसबे शिवथर, आंबे शिवथर, कुंभे शिवथर अशी गावे. तेथे कड्याच्या पोटात ही घळ आहे. पावसाळ्यात सुमारे शंभर फुटांवरून प्रपात कोसळतो आणि त्याच्या घोषात शेजारच्या माणसाचा शब्द ऐकू येत नाही. आज पायथ्यापर्यंत गाडीरस्ता आहे. सतराव्या शतकात हा सारा जावळीच्या मोऱ्यांचा मुलूख. इतके घनदाट अरण्य की शत्रूच्या फौजांनी आत शिरण्यापूर्वी विचार करावा. १६५६ साली शिवछत्रपतींनी जावळी घेतली. अशा ठिकाणी, जगाच्या दृष्टीआड, समर्थांनी आसन घातले आणि त्या स्थळास सुंदरमठ म्हटले.

गुहेत गुरूसमवेत शिरलेला तरुण म्हटला की आपल्या कथांत पुढे मंत्र, सिद्धी, गुप्त विद्या असे काही यावयाचे. नाथसिद्धांच्या आख्यानांनी आपल्या कानांना ती सवय लावली आहे. शिवथरच्या घळीत कल्याणांना कोणती विद्या मिळाली? समर्थ ओवी सांगत आणि कल्याण ती लिहून घेत. गुरूंच्या मुखातून ओघ सुरू झाला म्हणजे तो थांबत नसे, आणि लेखणीस मागे राहण्याची मुभा नव्हती. वीस दशक, दोनशे समास, सात हजार सातशे एक्कावन्न ओव्या. चरण मोजले तर एकतीस हजारांवर भरतात. सारा ग्रंथ एकाच स्थळी, एकाच बैठकीत सिद्ध झाला असे मानण्याचे कारण नाही. समर्थांनी तो अनेक वर्षे घडविला, वाढविला. परंतु संप्रदायाची श्रद्धा या घळीलाच दासबोधाचे जन्मस्थान मानते, आणि सांगणारे समर्थ व लिहिणारे कल्याण अशा मूर्तींचे दर्शन आज तेथे घडते.

त्या लेखनाचे स्वरूप काय असावे याचा शोध घ्यावयाचा तर दासबोधाचाच एकोणिसावा दशक उघडावा. त्याचा पहिला समास लेखनक्रियेवर आहे. अध्यात्माच्या ग्रंथात हा विषय पाहून नवा वाचक चकित होतो. अक्षर वाटोळे, सरळ आणि मोकळे असावे. ओळी मोत्यांच्या माळेसारख्या चालाव्यात. काना, मात्रा, वेलांटी यांचे वळण बिघडू नये. पहिल्या अक्षरापासून ग्रंथ संपेपर्यंत सारे एकाच टाकाने लिहिल्यासारखे दिसावे, असे समर्थ सांगतात. तारुण्यात फार बारीक लिहू नये, कारण म्हातारपणी ते आपल्यालाच वाचवत नाही. पानाच्या चारी बाजूंस जागा सोडावी; काळाने कागद झडला तर कडा झडाव्यात, अक्षराला धक्का लागू नये. देशोदेशींचे बोरू जमवावे, टाक तोडण्याच्या नाना तऱ्हा साधाव्यात, हिंगूळ जवळ बाळगावा. हे बारकावे पाठांतराने येत नाहीत. ज्याने पावसाळी कोकणात कागद सांभाळला आहे, दमट हवेत घोटलेले पानही मऊ पडून शाई कशी पसरते हे पाहिले आहे, त्यालाच यातील प्रत्येक सूचनेमागचा अनुभव कळेल. गुरूंनी हा समास सांगितला तेव्हा समोर बसून तो कोणी उतरून घेतला असेल, याची कल्पना वाचकांनीच करावी.

मराठी मुद्रण अवतरले ते एकोणिसाव्या शतकात. तोवर ग्रंथ जगला तो हातांनी. एक कान चुकला, एक ओळ गळली, तर पुढच्या प्रत्येक प्रतीत ती चूक उतरत जावयाची. म्हणून समर्थांना नुसता भक्त शिष्य पुरेसा नव्हता. ज्याचा हात चुकत नाही असा शिष्य हवा होता. यात कल्याणांचा त्याग दुहेरी आहे. ते स्वतः कवी होते. सोलीवसुख, शुकाख्यान, ध्रुवाख्यान यांसारख्या त्यांच्या रचना आहेत. ज्याला स्वतःची ओवी सुचते त्याने दुसऱ्याची ओवी लिहिताना आपला एक शब्दही तीत मिसळू न देणे, ही साधना विहिरीवरच्या फांदीहून सोपी नव्हे.

पुढे समर्थांनी त्यांना आपल्यापासून दूर धाडले. सीना नदीकाठी, परांडा भागातील डोमगाव येथे कल्याणांचा मठ झाला. आमच्या मते हीच परीक्षा सर्वांत कठोर. पाणी आणणे, लिहिणे, पाय चेपणे हे सारे गुरूंच्या दृष्टीसमोर होते. आता संप्रदायाचे काम करावयाचे ते गुरूंवाचून. १६८२ साली समर्थ गेले तेव्हा कल्याण सज्जनगडावर नव्हते ते यामुळेच. आज्ञेने जे स्थान मिळाले होते तेथेच ते होते.

त्यानंतरही ते बत्तीस वर्षे राहिले. शके १६३६ मध्ये, म्हणजे १७१४ साली, आषाढ शुद्ध त्रयोदशीस त्यांचे निर्याण झाले. समर्थांच्या अस्थी तोवर चाफळास ठेवलेल्या होत्या. त्या काशीस नेण्याचे ठरले आणि त्याच सुमारास कल्याणांनी देह ठेवला. मग गुरुशिष्यांच्या अस्थी एकत्रच गंगेत विसर्जित झाल्या, असे परंपरा सांगते.

धुळ्याचे शंकर श्रीकृष्ण देव यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी दासबोध छापून प्रसिद्ध केला, तो डोमगावच्या मठातील कल्याणांच्या प्रतीच्या आधाराने. पुढे १९३० साली याच देवांनी वरंधच्या डोंगरांत शोध घेऊन, लोकांच्या विस्मरणात गेलेली शिवथरची घळ पुन्हा उजेडात आणली. घळ झाडीत हरवली होती तेवढ्या काळात तिच्यात लिहिलेले शब्द मात्र घरोघरी देव्हाऱ्याशी बसून वाचले जात होते.