उसाच्या मळ्यातून रॉकेटच्या कवचाकडे

बीड जिल्ह्यातून दर हंगामात ऊसतोड मजुरांच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्रातील साखर कारखान्यांकडे निघतात. अशाच एका कारखान्याभोवती उभ्या राहिलेल्या इंदापूर तालुक्यातील वालचंदनगरात अवकाशयानांच्या रॉकेटची कवचे तयार होतात. हे गाव ज्यांच्या नावाने ओळखले जाते, ते शेठ वालचंद हिराचंद दोशी.

त्यांचा जन्म २३ नोव्हेंबर १८८२ रोजी सोलापुरात झाला. घरचा धंदा कापसाचा आणि सावकारीचा. वालचंदांचे मन त्यात रमले नाही. रेल्वेत कारकुनी केलेल्या लक्ष्मणराव फाटक यांच्यासोबत त्यांनी रेल्वेची कंत्राटे घेतली आणि पुढे बोरघाटातील बोगदेही खोदले. १९१९ मध्ये त्यांनी सिंदिया जहाज कंपनी उभी केली. ब्रिटिश कंपन्यांनी भाडे पाडून तिला जेरीस आणले, तरी त्यांनी माघार घेतली नाही.

विमानाचे स्वप्न मात्र त्यांच्या हातून निसटले. म्हैसूर संस्थानाच्या मदतीने डिसेंबर १९४० मध्ये त्यांनी बंगळुरूत हिंदुस्थान एअरक्राफ्ट कंपनी स्थापन केली. महायुद्ध पेटले होते. १९४२ मध्ये सरकारने कारखाना ताब्यात घेतला. त्याच कंपनीतून आजची एचएएल घडली. इस्रोच्या रॉकेटसाठी इंधनाच्या टाक्या बनविण्याचे कामही ती करते.

८ एप्रिल १९५३ रोजी वालचंद गेले. थुंब्यातून भारताच्या भूमीवरचे पहिले रॉकेट १९६३ मध्ये उडाले. ते पाहायला ते नव्हते. पण साखर कारखान्यांची यंत्रे आणि बॉयलर घडविणारे हात वालचंदनगरात तयार झाले होते. १९७० च्या दशकात इस्रोने त्यांना काम दिले.

हे काम किती जोखमीचे? घन इंधनाच्या रॉकेटमध्ये इंधन कवचाच्या आतच जळते. म्हणजे कवच हीच भट्टी आणि हाच सांगाडा. ते जड असेल तर रॉकेटची वहनक्षमता घटते, कमकुवत असेल तर ते फुटते. म्हणून पीएसएलव्हीच्या पहिल्या टप्प्याचे २.८ मीटर व्यासाचे कवच मॅरेजिंग नावाच्या अतिमजबूत पोलादाचे असते. त्याचे वेल्डिंग क्ष-किरणांनी तपासतात, पाण्याचा दाब देऊन पाहतात. १९८६ मध्ये अमेरिकेच्या चॅलेंजर यानाच्या रॉकेटमध्ये दोन भागांच्या सांध्यातील रबरी कडे थंडीने ताठरले, तप्त वायू बाहेर पडला आणि सात अंतराळवीर दगावले.

रॉकेट उडते तेव्हा टाळ्या श्रीहरिकोट्यात वाजतात. पण त्यामागे वेल्डर, फिटर आणि तपासनीसांची अनेक वर्षांची सवय असते. अशी सवय एका दिवसात विकत घेता येत नाही. कारखाना चालवूनच ती अंगी बाणते. वालचंदांनी बांधलेले बोगदे, जहाजे आणि साखर कारखाना यांचा खरा वारसा हाच आहे.