कंट्रोल सी, कंट्रोल व्ही रोज दाबता, पण ही बटणं शेजारी-शेजारी कुणी बसवली?

फाईल निवडायची, कंट्रोल सी दाबायचं, दुसऱ्या फोल्डरमध्ये जाऊन कंट्रोल व्ही. मूळ फाईल जागेवर राहते आणि नवी प्रत तयार होते. सीऐवजी एक्स दाबलं तर फाईलच इकडून तिकडे जाते. पण एक्स, सी, व्ही एकाच ओळीत आली कशी? त्यासाठी दीडशे वर्षं मागे, अमेरिकेतल्या मिलवॉकी शहरात जावं लागेल.

क्रिस्टोफर लॅथम शोल्स यांचा जन्म १८१९ चा, पेनसिल्व्हेनियातला. छापखान्यात काम शिकले, विस्कॉन्सिनमध्ये वृत्तपत्राचे संपादक झाले, पुढे आमदारही. फाशीची शिक्षा बंद व्हावी म्हणून ते लढले आणि १८५३ मध्ये विस्कॉन्सिनने ती रद्द केली.

नंतर त्यांनी सॅम्युएल सूल यांच्यासोबत पानांवर आकडे छापणारं यंत्र बनवलं. ते पाहून कार्लोस ग्लिडन यांनी सुचवलं, की अशीच अक्षरंही छापता येतील. तिघं कामाला लागले आणि १८६८ मध्ये टाईपरायटरचं पेटंट मिळालं.

सुरुवातीला अक्षरं एबीसीडीच्या क्रमाने होती. भराभर टाईप केलं की आतले दांडे एकमेकांत अडकायचे. शोल्स पुढची कित्येक वर्षं अक्षरांच्या जागा बदलत राहिले. त्यातूनच आजचा क्वर्टी कीबोर्ड घडला. जुन्या क्रमाची खूण मधल्या ओळीत अजून दिसते: एफ, जी, एच, जे, के, एल. गंमत म्हणजे शोल्स यांच्या मांडणीत सी आधी आणि एक्स नंतर होतं. ती अदलाबदल पुढे झाली.

१८७३ मध्ये बंदुका बनवणाऱ्या रेमिंग्टन कंपनीने हे यंत्र बनवायला घेतलं. भागीदार जेम्स डेन्समोर यांनी विक्रीतला वाटा मागितला आणि ते श्रीमंत झाले. शोल्स यांनी मात्र एकरकमी पैसे घेऊन हक्क सोडले. पण टाईपरायटरमुळे हजारो स्त्रियांना ऑफिसात नोकरी मिळाली, याचं त्यांना समाधान होतं. १८९० मध्ये क्षयाने त्यांचं निधन झालं.

१९८३ मध्ये ॲपलच्या लिसा कॉम्प्युटरवर कट, कॉपी, पेस्टसाठी एक्स, सी, व्ही ठरले. पुढे विंडोजनेही तीच अक्षरं घेतली. ज्या कीबोर्डवर आज जग चालतं, त्याचा हक्क शोल्स यांनी केव्हाच विकला होता.