रमाबाई रानडे आणि परिचारिकेचा शब्द

वऱ्हाडातील वाशीमचे नाव प्राचीन आहे. वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी असलेले वत्सगुल्म ते हेच. स्वतंत्र जिल्हा म्हणून मात्र त्याचे वय लहान. १ जुलै १९९८ रोजी तो अकोल्यापासून वेगळा झाला आणि २०२४ मध्ये वाशीमला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. महाविद्यालय आले की इमारत, खाटा, यंत्रसामग्री आणि अध्यापकांच्या रिक्त जागा यांची चर्चा होते, आणि ती व्हावयासच हवी. पण या चर्चेत एक प्रश्न क्वचितच कोणी विचारतो. खाटेवर पडलेल्या माणसाशी दिवसरात्र बोलणार कोण, कोणत्या भाषेत बोलणार, आणि ज्याने बोलावयाचे त्याच्या शब्दाला रुग्णालयात किंमत काय?

डॉक्टर फेरी मारून जातात. उरलेले सारे प्रहर रुग्ण असतो परिचारिकेच्या स्वाधीन. अमेरिकन परिचर्यातज्ज्ञ हिल्डेगार्ड पेप्लाऊ यांनी १९५२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात परिचारिका व रुग्ण यांच्यातील संबंध हाच उपचाराचा एक भाग आहे, अशी मांडणी केली आणि तेव्हापासून परिचर्येच्या अभ्यासक्रमांत संभाषणाला शास्त्रीय स्थान मिळत गेले. त्याच्या जवळजवळ शतकभर आधी फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी परिचर्येवरील आपल्या छोट्या पुस्तकात रुग्णाच्या दाराबाहेरची कुजबुज आणि त्याला दिलेला पोकळ दिलासा या दोहोंवर कठोर टीका केली होती. या बाईंचा पुण्याच्या सार्वजनिक सभेशी पत्रव्यवहार होता आणि सभेच्या कामात अग्रभागी होते महादेव गोविंद रानडे. महाराष्ट्रात परिचारिकेच्या शब्दाला वजन मिळवून देण्याचे काम पुढे ज्या स्त्रीने केले ती त्यांची पत्नी. रमाबाई स्वतः परिचारिका नव्हत्या, हे येथेच सांगून टाकलेले बरे.

रमाबाईंच्या आयुष्याचा पूर्वार्ध आता घरोघरी ठाऊक आहे. त्यांचे आठवणींचे पुस्तक १९१० मध्ये निघाले, तेव्हापासून ते वाचले जात आहे. २०१२ मध्ये आलेल्या दूरचित्रवाणी मालिकेने तो पूर्वार्ध न वाचणाऱ्यांपर्यंतही पोहोचविला. या लोकप्रियतेचा एक तोटा असा की, न्यायमूर्तींची आज्ञाधारक पत्नी एवढीच त्यांची मूर्ती मनात ठसते, आणि वैधव्यानंतरच्या तेवीस वर्षांत त्यांनी जे उभे केले ते झाकले जाते.

सातारा-सांगलीकडच्या देवराष्ट्रे गावच्या कुर्लेकर घराण्यातील ही मुलगी १८७३ मध्ये, अकराव्या वर्षी, रानड्यांच्या घरात आली तेव्हा तिला अक्षरओळख नव्हती. पती बत्तिशीच्या उंबरठ्यावरचे, विद्वान, नुकतेच विधुर झालेले. त्यांनी लगेच तिला शिकवावयास घेतले आणि तेथूनच घरातल्या वडीलधाऱ्या स्त्रियांचा छळ सुरू झाला. तो मारझोडीचा नव्हता. शब्दांचा आणि अबोल्याचा होता. टोमणे, घालून-पाडून बोलणे, आठवडेच्या आठवडे न बोलणे. उलट उत्तर द्यावयाचे नाही, हे पतीचे सांगणे. तेव्हा ऐकून घेणे एवढेच हाती. नाशिक-धुळ्याच्या बदल्यांत एकांत मिळाला, वाचन वाढले, नाशिकला पहिले जाहीर भाषणही झाले, जरी ते पतीने लिहून दिलेले असले तरी. पुण्यास परतल्यावर पंडिता रमाबाईंच्या आर्य महिला समाजाकडे त्या ओढल्या गेल्या. मुलींचे हायस्कूल काढावे या मागणीचे इंग्रजी निवेदन गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन यांच्यापुढे वाचण्याचे काम त्यांच्याकडे आले. ती शाळा १८८४ मध्ये निघाली, तीच हुजूरपागा. घरी मात्र त्या वाचनाबद्दल त्यांना जे ऐकावे लागले त्याची हकीकत त्यांनीच लिहून ठेवली आहे.

हे सारे मौन आजच्या वाचकास रुचणार नाही. मलाही ते आदर्श म्हणून कोणापुढे ठेवावेसे वाटत नाही. त्यात सक्तीचा वाटा मोठा होता. परंतु शब्द माणसाला किती खोल लागतो आणि न बोललेला शब्द त्याहूनही किती खोल लागतो, याचे शिक्षण या बाईला पुस्तकातून घ्यावे लागले नाही, हे खरे. दुखावलेल्या माणसापुढे काय बोलू नये हे तिला कळले होते, असे तिच्या पुढच्या कार्यावरून म्हणता येते.

१६ जानेवारी १९०१ रोजी न्यायमूर्ती गेले. रमाबाई मुंबई सोडून पुण्याच्या जुन्या वाड्यात आल्या आणि वर्षभर जवळपास कोंडून राहिल्या. बाहेर पडल्या त्या वेगळ्याच वाटेने. पुण्याच्या मध्यवर्ती कारागृहात स्त्रीकैद्यांच्या विभागात त्या नेमाने जाऊ लागल्या. त्यांच्यापाशी बसावे, त्यांचे ऐकावे, स्वतःविषयी त्यांच्या मनात उरलेला थोडा आदर जागा करावा, असा तो प्रयत्न होता. सुधारगृहातल्या मुलांकडे त्या जात. इस्पितळांतून रुग्णांना फळे, फुले आणि पुस्तके वाटत. आज हा प्रकार वाढदिवसानिमित्त छायाचित्रासह पार पडतो म्हणून आपण त्याकडे थट्टेने पाहतो. पण कोणी येत नाही अशा खाटेपाशी एक प्रतिष्ठित विधवा येऊन उभी राहते, हातात फूल देते, याचा त्या काळचा अर्थ निराळा होता. फळ हे निमित्त असते. त्यामुळे बोलणे सुरू होते. रुग्णाशी पहिले वाक्य कोणते बोलावे हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही, हे कोणतीही अनुभवी परिचारिका सांगेल.

१९०८ मध्ये बेहरामजी मलबारी आणि दयाराम गिडुमल यांनी मुंबईत सेवासदन काढले आणि अध्यक्षपद रमाबाईंना दिले. पुढच्याच वर्षी, १९०९ मध्ये, गोपाळ कृष्ण देवधर यांच्या साहाय्याने त्यांनी पुण्यात सेवासदन उभे केले आणि शेवटपर्यंत तेच त्यांचे घर झाले. शिवण, शिक्षिकांचे वर्ग, वसतिगृहे असा त्याचा व्याप वाढत गेला. त्यातले सर्वांत अवघड काम होते परिचर्येचे. १८९१ मध्ये मुंबईत काशीबाई गणपत या बाईंनी परिचर्येच्या शिक्षणात पाऊल टाकले होते, पण वीस वर्षांनंतरही पांढरपेशा हिंदू घरांतून या व्यवसायाकडे कोणी वळत नव्हते. परपुरुषाचे अंग पुसणे, कोणत्याही जातीच्या माणसाचे मलमूत्र काढणे, रात्रपाळी करणे. यांतली एकेक गोष्ट बाईला घराबाहेर काढण्यास पुरेशी मानली जात होती. अशा काळात, १९११ पासून, पुण्याच्या ससून रुग्णालयात सेवासदनच्या स्त्रिया परिचर्येचे शिक्षण घेऊ लागल्या. त्यांतल्या पुष्कळजणी विधवा होत्या.

याचा परिणाम केवळ त्या विधवांच्या पोटापाण्यापुरता नव्हता. तोवर रुग्णालयातली शिकलेली परिचारिका बहुधा युरोपियन, अँग्लो-इंडियन किंवा मिशनच्या शाळेतून आलेली असे. तिची सेवा उत्तम असेल. पण पदराआड तोंड लपविणारी पुण्याकडची खेडवळ बाई आपल्या अंगावरच्या दुखण्याची लाज तिच्यापाशी कोणत्या भाषेत उघड करणार? डॉक्टर तर पुरुषच. दुखणे सांगितलेच गेले नाही तर औषध कशावर द्यावयाचे? सेवासदनच्या शिकलेल्या बाईजवळ रुग्णाची भाषा होती, ओवी होती, सोवळ्या-ओवळ्याची जाण होती आणि स्वतः सोसलेल्या दुःखाची ओळखही होती. औषधाच्या मात्रेइतकीच ही सामग्री उपयोगी पडते.

त्या काळची एक हकीकत रमाबाईंच्या चरित्रात येते. सेवासदनच्या वार्षिक संमेलनात एक तरुण विधवा, जुन्या पद्धतीच्या वेषात, बक्षीस घेण्यास व्यासपीठावर आली. वरच्या सज्जात बसलेल्या विद्यार्थ्यांनी तिची हुर्यो केली. समारोपाला रमाबाई उठल्या त्या संतापानेच. स्वतःला महाविद्यालयीन म्हणविणाऱ्या तरुणांना दुर्दैवी भगिनीविषयी दया नसेल तर त्यांना शिकलेले कोणत्या आधारावर म्हणावयाचे, अशा आशयाचे त्या बोलल्या. सभागृह गप्प झाले. तीस वर्षांपूर्वी उलट उत्तर न देणारी हीच ती बाई. फरक असा की, तेव्हा अपमान तिचा स्वतःचा होता. आता तो तिच्या आश्रयास आलेल्या मुलीचा होता.

मला या प्रसंगाचे महत्त्व फार वाटते. रुग्णाशी मृदू बोला, असा उपदेश परिचारिकांना करणारे पुष्कळ असतात. परिचारिकेशी समाजाने कसे बोलावे, हे समाजाला सुनावणारी व्यक्ती विरळा. ज्या मुलीची चारचौघांत हुर्यो उडते ती उद्या कक्षात जाऊन धीराचे चार शब्द कोणत्या बळावर बोलणार? रमाबाईंनी तिच्यासाठी वसतिगृह उभारले, तिच्या पाठीशी आपले नाव उभे केले, आणि वेळ आली तेव्हा सभेत आवाज चढविला. संभाषणकौशल्याचा पहिला धडा त्यांनी असा श्रोत्यांना दिला.

त्यांच्या आयुष्याचा उरलेला भागही याच धर्तीचा आहे. १९१३ मध्ये गुजरात-काठेवाडात दुष्काळनिवारणाचे काम, नंतर स्त्रियांच्या मताधिकाराचा आणि मुलींच्या सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा झगडा. आणि अखेरच्या वर्षांतही आषाढी-कार्तिकीच्या वेळी सेवासदनच्या स्वयंसेविका घेऊन आळंदीला जाणे, यात्रेतल्या बायकांची सेवा करणे. १९२४ मध्ये त्या वारल्या. त्यानंतर तीन वर्षांनी नागपूरला रमाबाई तांबे यांनी सेवासदन काढले, आणि पुण्याचे हे नाव विदर्भात आले.

आता पुन्हा वाशीमकडे. रमाबाईंनी ससूनमध्ये जो प्रश्न सोडविला तो येथे वेगळ्या रूपात उभा आहे. वाशीम, रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, कारंजा, मानोरा या सहा तालुक्यांतून येणारा रुग्ण वऱ्हाडी बोलतो. मानोऱ्याकडच्या तांड्यांतून, पोहरादेवीच्या परिसरातून येणारी बंजारा म्हातारी गोरमाटी बोलते. कारंजा-मंगरूळपीरकडच्या कित्येक घरांत उर्दू बोलली जाते. वऱ्हाडी माणूस आपला जीव घाबरून रायला, हातपाय गळून रायले, असे सांगतो. त्यात छातीचे दुखणे किती आणि भीती किती, हे ओळखण्यास कान तयार असावा लागतो. सोयाबीनच्या दिवसांत साप चावलेला शेतमजूर येतो तेव्हा त्याच्या शिरेत औषध जात असतानाच, घाबरू नको एवढे म्हणून भागत नाही. काय चालले आहे, किती वेळ लागेल, पाय का हलवावयाचा नाही, हे त्याला त्याच्या बोलीत सांगावे लागते. तो उठून झाडफूक करणाऱ्याकडे गेला तर दोष केवळ त्याच्या अज्ञानाचा असतो काय?

अभ्यासक्रमात आता संभाषणाचा विषय आहे. ऐकून घ्यावे, प्रश्न मोकळा ठेवावा, खोटा दिलासा देऊ नये, गुप्तता पाळावी, एक पाळी संपून दुसरी येताना रुग्णाची हकीकत नेमकी सांगावी, हे सारे शिकविले जाते आणि परीक्षेत त्यावर गुणही पडतात. परंतु पुस्तकात शिकलेले हे बोलणे कक्षात उतरावयाचे तर दोन गोष्टी लागतात, आणि त्या दोन्ही विद्यार्थिनीच्या हाती नाहीत. एक म्हणजे वेळ. रात्रपाळीला भरलेला कक्ष एकटीवर सोपवून तिच्याकडून खाटेपाशी बसून ऐकण्याची अपेक्षा करणे हा ढोंगीपणा आहे. दुसरी म्हणजे मान. रुग्णाबरोबर आलेले नातेवाईक अरेतुरे करतात, गावचा पुढारी दूरध्वनीवरून दरडावतो, आणि फेरीच्या वेळी तिने रात्री पाहिलेले लक्षण सांगितले तर ते न ऐकताच पुढच्या खाटेकडे जाणारे वरिष्ठही असतात. तिचा शब्द डॉक्टरपर्यंत पोहोचत नसेल तर रुग्णाचाही पोहोचत नाही, कारण बहुतेक वेळा तो तिच्यामार्फतच जात असतो.

तेव्हा वाशीमच्या नव्या महाविद्यालयात आणि जिल्ह्यातल्या परिचर्या विद्यालयांत निदान इतके व्हावे. बाहेरून आलेल्या डॉक्टरांना व परिचारिकांना रुजू होताच वऱ्हाडी व गोरमाटीतील दुखण्याखुपण्याचे शब्द शिकवावेत. ते शिकविण्यास तांड्यावरच्या आशा स्वयंसेविकांना मानधन देऊन बोलवावे, कारण या विषयातल्या प्राध्यापक त्याच आहेत. सकाळच्या फेरीत रात्रपाळीच्या परिचारिकेचे निवेदन आधी आणि डॉक्टरांचे प्रश्न नंतर, असा लेखी नियम असावा. आणि कक्षात परिचारिकेचा अपमान झाला तर त्याची तक्रार तिला करावयास न लावता अधिष्ठात्यांनी स्वतः उठून बोलावे.